हेराल्डला फायबरचे बॉनेट बसवताना

स्टँडर्ड हेराल्डच्या बॉनेटला झाकण म्हणणे हा त्या गाडीवर अन्याय आहे. अँबेसडर किंवा पद्मिनीचे बॉनेट खरोखरच इंजिनावरचे झाकण असते. ते उतरवून भिंतीला टेकवून ठेवले तरी गाडीचा चेहरा जागेवर राहतो. हेराल्डमध्ये दोन्ही बाजूंची मडगार्डे, हेडलाइट, पुढच्या चाकांवरच्या आतल्या कमानी आणि इंजिनावरचा पत्रा हे सगळे एकाच मोठ्या तुकड्यात जोडलेले असते, आणि हा तुकडा पुढच्या टोकाला असलेल्या बिजागऱ्यांवर फिरून समोरच्या बाजूला कलतो. तो उघडला की इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंगचा रॅक, स्प्रिंगा, पुढची दोन्ही चाके असे सगळे काही उघड्यावर येते आणि माणसाला टायरवर बसून निवांतपणे काम करता येते. ज्याने एकदा असे काम केले आहे त्याला इतर गाड्यांच्या इंजिनाच्या खोबणीत वाकून हात घालणे नकोसे वाटते.

आमच्याकडची हेराल्ड १९६७ सालची, दोन दारांची आहे. बाबांनी ती सत्तरच्या दशकात जुनी म्हणून घेतली आणि पुण्यात नोकरी असेपर्यंत रोज चालवली. आता तिची देखभाल माझ्याकडे आली आहे. गेल्या काही वर्षांत तिच्या बॉनेटची स्थिती अशी झाली की हेडलाइटच्या कड्यांभोवती आणि चाकाच्या कमानीच्या काठावर बोटाने दाबले तरी पत्रा चुरत होता. तिला फायबरचे, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि घट्ट होणारे रेझिन यांचे, बॉनेट बसवायचे ठरले, आणि ते बसवताना जे पाहिले, शिकले आणि ज्यावर माझे मत पक्के झाले, ते येथे लिहीत आहे. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये फायबर या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही, हे मला ठाऊक आहे. ती मिळायला हवी, निदान काही अटींवर मिळायला हवी, असे मला वाटते.

आधी ही गाडी अशी का घडली ते सांगायला हवे, कारण बॉनेट बसवण्याचा सगळा प्रश्न त्यातून उभा राहतो. १९५३ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी विकत घेतली. स्टँडर्ड-ट्रायम्फ या कंपनीच्या बॉड्या तिथून येत असत. आता तो पुरवठादार प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. नव्या गाडीसाठी एकसंध बॉडी बनवून देणारे कोणी उरले नाही, म्हणून चासी, म्हणजे चाके आणि इंजिन पेलणारी लोखंडी चौकट, वेगळी आणि तिच्यावर लहान लहान भाग बोल्टांनी जोडून उभी केलेली बॉडी, असा मार्ग कंपनीने निवडला. हे भाग निरनिराळ्या कारखान्यांत बनवता येत होते. रूप दिले ते इटलीतील तुरीन येथील जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. १९५९ मध्ये गाडी इंग्लंडमध्ये बाजारात आली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने तिची भारतीय आवृत्ती बनवायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये पुढे इंजिन मोठे होत गेले, आपल्याकडे ते ९४८ सीसीचेच राहिले. अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणारी ही गाडी पुण्याच्या पेठांतल्या गल्ल्यांसाठी किती सोयीची होती, हे बाबा अजूनही अभिमानाने सांगतात.

बोल्टांनी जोडलेल्या गाडीचा एक मोठा गुण म्हणजे ती पुन्हा सोडवता येते. पण त्याच रचनेमुळे तिच्या प्रत्येक भागाला थोडी हालचाल करायला जागा असते, आणि ही जागा कारखान्यात कोणत्या तरी माणसाने हाताने, डोळ्यांनी पाहून, पॅकिंगच्या पट्ट्या घालून जुळवलेली असते. बॉडीचा पुढचा आणि मागचा असे दोन भाग असतात. ते चासीवर ठिकठिकाणी टेकतात आणि एकमेकांना जोडलेले असतात. एका टेकूखाली पॅकिंग कमी-जास्त झाले की दाराची फट बदलते. दाराची फट बदलली की बॉनेटच्या मागच्या कडेची फट बदलते. म्हणजे बॉनेट हा गाडीचा पहिला भाग दिसत असला तरी बसवण्याच्या क्रमात तो शेवटचा असतो, आणि मागे झालेल्या सगळ्या चुकांची बेरीज त्याच्या वाट्याला येते. साठ वर्षांच्या वापरानंतर, एखाद-दुसऱ्या धडकेनंतर आणि गंजलेल्या टेकूंच्या दुरुस्तीनंतर कोणत्याही दोन हेराल्डची मापे तंतोतंत सारखी निघत नाहीत.

गंज नेमका कुठे लागतो, तेही रचनेवरून कळते. चाकाची आतली कमान बॉनेटलाच जोडलेली असल्यामुळे टायरने उडवलेला चिखल मडगार्ड आणि कमान यांच्या मधल्या पोकळीत जाऊन बसतो. पावसाळ्यात तो ओला राहतो, हिवाळ्यात वरून कोरडा दिसतो आणि आतून दमट असतो. पत्र्याचे दोन थर जिथे एकमेकांवर येऊन ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेले असतात, तिथे रंग पोचलेलाच नसतो. बाहेरून फुगवटा दिसतो तोपर्यंत आतला थर गेलेला असतो.

अशा वेळी तीन मार्ग असतात. जुने बॉनेट कापून त्यात नवा पत्रा ठोकून घालणे, हा पहिला. तो उत्तम मार्ग आहे, पण पत्र्याला हातोडी आणि लाकडी ठोकळ्यावर दुहेरी गोलाई देणारे कारागीर आता फार थोडे राहिले आहेत, आणि जे आहेत त्यांच्याकडे रांग आहे. कारखान्यात बनलेले जुने पण चांगले बॉनेट शोधणे, हा दुसरा मार्ग. हेराल्ड आणि तिच्यानंतर १९७२ मध्ये आलेली गॅझेल या दोन्ही गाड्या बंद होऊन दशके लोटली आहेत. भंगाराच्या बाजारात जे काही होते ते केव्हाच वितळून गेले. इंग्लंडहून मागवावे तर पत्र्याचा एवढा पोकळ आणि अवजड तुकडा आणण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या वर जातो. तिसरा मार्ग फायबरचा.

आणखी एक चौथा मार्ग आपल्या गॅरेजांमध्ये सर्रास चालतो आणि त्याच्याविषयी मला मनापासून राग आहे. गंजलेल्या पत्र्यावर काचेची मॅट चिकटवायची, वरून लांबी (पुट्टी) भरायची, घासायची आणि रंग मारायचा. दोन पावसाळे गाडी सुरेख दिसते. या काळात मॅटच्या आड अडकलेली ओल पत्रा खात राहते, रेझिनची पकड गंजाच्या पापुद्र्यावरच असल्यामुळे ती सुटत जाते, आणि शेवटी थर उचलला की खाली वाचवण्याजोगे काही उरत नाही. फायबरची बदनामी झाली आहे ती बहुतांशी या कामामुळे. संपूर्ण भागच फायबरमध्ये घडवणे ही वेगळी विद्या आहे, तिचा या लपवाछपवीशी काही संबंध नाही.

ही विद्या मोटारींना नवी नाही. अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ मध्ये आली ती फायबरची बॉडी घेऊनच. पहिल्या वर्षी तशा ३०० गाड्या बनल्या. इंग्लंडमध्ये लोटसने १९५७ च्या एलिटमध्ये चासीसुद्धा वेगळी ठेवली नाही, गाडीचा सांगाडाच फायबरचा केला. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीने आधी तीन चाकांची बादल आणि मग ऐंशीच्या दशकात डॉल्फिन या गाड्या फायबरच्या बॉडीत विकल्या. कोकणच्या किनाऱ्यावर तर गेल्या काही दशकांत लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनी इतकी सहज घेतली आहे की तिथल्या तरुण कारागिरांना मॅट आणि रेझिन हेच आपले मूळ साहित्य वाटते.

आमचे बॉनेट ज्यांनी घडवले ते मिस्त्री अशाच होड्या बनवत मोठे झाले. मूळचे रत्नागिरीकडचे, आता भोसरीला एका लहानशा शेडमध्ये बसच्या पुढच्या भागांची आणि ट्रकच्या केबिनची एफआरपीची, म्हणजे फायबरचीच, कामे करतात. त्यांनी पहिल्या भेटीत गाडीपेक्षा बॉनेटच्या आतल्या बाजूकडे जास्त वेळ पाहिले. बिजागरीचे पाइप कुठे टेकतात, खटके कुठे ओढ घेतात, हेडलाइटच्या वाटीचे वजन कुठे पडते, हे सगळे त्यांनी खडूने आखले. बाबा शेजारी खुर्चीवर बसून होते. त्यांनी विचारले, “अहो मिस्त्री, पत्र्यासारखे कडक राहील का हे?” मिस्त्री म्हणाले, “काका, जाडी बरोबर ठेवली तर राहील. लोक वजन वाचवायला जातात आणि पापड करून ठेवतात.”

त्यांच्या या उत्तरामागे साधा हिशेब आहे, आणि तो मी घरी येऊन कागदावर मांडला. गाडीचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा धरला तर एका चौरस मीटरचे वजन सात किलोच्या आसपास येते. काचेची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा तीन मिलिमीटरचा थर तेवढ्याच क्षेत्रफळाला साडेचार किलोच्या आसपास भरतो. लोखंड ताणाला जितके ताठ असते त्याच्या साधारण पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतकाच हा थर ताठ असतो. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी सव्वातीनपट झाली की तो पस्तीस-चाळीसपट होतो. म्हणून तीन मिलिमीटरचे फायबर वाकण्याच्या बाबतीत पत्र्याची बरोबरी करते आणि तरीही एक तृतीयांशाहून अधिक वजन वाचवते. तीच जाडी दोन मिलिमीटरवर आणली तर कडकपणा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली घसरतो, बॉनेट वाऱ्यावर थरथरते आणि रंगाला तडे जातात. शर्यतीच्या गाड्यांसाठी बनवलेली पातळ बॉनेटे रस्त्यावरच्या गाडीला लावणाऱ्यांचा अनुभव यामुळेच वाईट असतो.

साचा मात्र आमच्या बॉनेटवरून घेता येण्याजोगा नव्हता. एका परिचितांच्या हेराल्डचे बॉनेट बऱ्या अवस्थेत होते. त्यांनी ते मोठ्या मनाने दिले. त्यावर मेणाचे थर चढवून, घासून, त्यावरून साचा उचलला. साच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: तो काहीही विसरत नाही. मूळ बॉनेटच्या उजव्या मडगार्डावर लांबीने भरलेला एक उथळ पोचा होता, डोळ्यांना न दिसणारा. तो साच्यात उतरला आणि साच्यातून नव्या बॉनेटवर आला. मिस्त्रींनी तो तळहाताने शोधला. प्रकाश तिरका पाडून, एक लवचीक पट्टी दोन्ही मडगार्डांवर सारख्या ठिकाणी आडवी धरून त्यांनी दाखवले की डाव्या बाजूला पट्टी सलग टेकते आणि उजव्या बाजूला तिच्याखालून कागद सरकतो. साचाच दुरुस्त करायचा, बॉनेट नाही, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो रास्त होता.

घडवण्याचे काम मी दारात उभी राहून पाहिले, कारण रेझिनमधल्या स्टायरीनचा वास शेडमध्ये फार वेळ सोसवत नाही. आधी साच्यावर जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतका जमला की पातळ मॅट, मग जाड मॅट. प्रत्येक थरावर ब्रशने रेझिन थापून वर खाचांचा लोखंडी रोलर फिरवायचा, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडते. हवेचा बुडबुडा राहिला तर तो पुढे उन्हात फुगतो आणि रंगातून वर येतो. हार्डनर आणि अॅक्सिलरेटर हे रेझिन घट्ट करणारे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो, म्हणून मिस्त्री अॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण मुरवतात आणि दोन्ही डबे शेडच्या दोन टोकांना ठेवतात. मुलांना कामावर ठेवताना सर्वांत आधी हेच शिकवतो, असे त्यांनी सांगितले.

साच्यातून बॉनेट लवकर काढण्याची घाई त्यांनी केली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते, आणि वरवर कडक झाल्यानंतरही कित्येक दिवस ते आतून जमत राहते. अर्धवट जमलेला एवढा मोठा तुकडा साच्याबाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवला तर तो टेकवला तसा वाकडा होतो, आणि मग तो वाक कायमचा राहतो. पत्रा वाकडा झाला तर ठोकून सरळ करता येतो. फायबरला ही सवलत नाही.

आतल्या बाजूचे लोखंड हा पुढचा प्रश्न होता. बिजागऱ्यांचे पाइप आणि त्यांच्या पट्ट्या नुसत्या फायबरला बोल्टने कसल्या तर बोल्टाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. म्हणून तिथे थर वाढवायचा, मागून रुंद पट्टी द्यायची आणि बोल्टाखाली मोठे वॉशर घालायचे. लोखंडी नळी फायबरमध्ये गाडून टाकण्याची पद्धतही आहे, परंतु मला ती मान्य नाही. पॉलिएस्टरची लोखंडाला पकड चांगली बसत नाही, सुटलेल्या फटीत ओल शिरते आणि गाडलेल्या लोखंडाचा गंज दिसत नाही. शिवाय दोघांचे उन्हात प्रसरण पावण्याचे प्रमाण वेगळे आहे. पुण्याच्या पहाटेची थंडी आणि एप्रिलच्या दुपारी तापलेले बॉनेट यांत चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. दीड मीटर रुंदीच्या भागात तेवढ्या फरकाने लोखंड पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते, तर फायबर दीड मिलिमीटरहून अधिक. जुन्या बॉनेटमधला लोखंडी सांगाडा आम्ही सोडवला, साफ करून प्रायमर मारला, आणि तो फायबरला बोल्टांनी व रबराच्या पट्टीवर बसवला. कधीही उघडून पाहता येईल असाच ठेवला.

मग प्रत्यक्ष बसवणे. यात सर्वांत मोठा मोह असतो तो म्हणजे नवे बॉनेट सरळ बिजागऱ्यांवर चढवून, जिथे अडेल तिथे घासून मोकळे करण्याचा. मिस्त्रींनी ग्राइंडरला हात लावू दिला नाही. “ताई, आधी दारं बघू,” ते म्हणाले. गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर, इंजिन आणि बॅटरी जागेवर असताना उभी केली. जॅकवर चढवलेल्या चासीची मापे खोटी येतात. दोन्ही दारांच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या फटी मोजल्या. उजव्या दाराची पुढची फट वरती रुंद आणि खाली अरुंद होती. याचा अर्थ बॉडीचा पुढचा भाग उजव्या बाजूला किंचित कलला होता. टेकूखालचे पॅकिंग काढून पाहिले तर त्यातली एक जुनी पट्टी गंजून पातळ झालेली निघाली. ती बदलल्यावर दार सरळ झाले, आणि त्या एका पट्टीमुळे बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यातली अडचण अर्ध्याने कमी झाली. आधी कड घासली असती तर ती चूक फायबरमध्ये कायमची कोरली गेली असती.

दारांनंतर बॉनेटची मागची कड. ही कड काचेखालच्या पट्ट्याला आणि दोन्ही दारांच्या पुढच्या कडांना एकाच वेळी समांतर जावी लागते. त्यासाठी बिजागऱ्यांच्या जागी लांबट भोके असतात. बॉनेट पुढे-मागे आणि वर-खाली सरकवता येते. मागची उंची रबरी टेकूंवर ठरते. हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते: बिजागरी डावीकडे दोन मिलिमीटर पुढे घेतली तर उजवा मागचा कोपराही जागचा हलतो, आणि एका टोकाचा लहान फरक दुसऱ्या टोकाला मोठा होऊन दिसतो. मी एका वहीत प्रत्येक बदलापूर्वीची आणि नंतरची मापे लिहीत गेले. एका वेळी एकच बोल्ट सैल करायचा, एकच बदल करायचा, बॉनेट बंद करून मोजायचे, पुन्हा उघडायचे. कंटाळवाणे काम आहे असे कोणाला वाटेल, पण मला त्यात अतिशय रस वाटला, कारण गाडीची हाडे कशी जोडली आहेत हे या मापांतून प्रथमच कळत होते.

सगळे जुळवून झाल्यावरही डाव्या कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक उरला. साचा ज्या गाडीवरून घेतला ती गाडी आणि आमची गाडी यांच्यातला हा खरा फरक होता. येथे मात्र कड वाढवावी किंवा घासावी लागते. मिस्त्रींनी साच्यातून कड मुद्दाम जास्तीची ठेवून आणली होती. आता त्यांनी दाराच्या कडेपासून सारखे अंतर राखून पेन्सिलने रेघ मारली आणि सँडपेपर लावलेल्या लाकडी पट्टीने, हातानेच, रेघेपर्यंत घासत आले. काचेची धूळ अंगाला बोचते आणि फुप्फुसाला घातक असते, म्हणून मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पाण्याने ओला केलेला सँडपेपर. फट आम्ही पाच मिलिमीटरच्या आसपास ठेवली. त्यापेक्षा कमी ठेवली असती तर थंडीत देखणी दिसली असती आणि उन्हाळ्यात कडा एकमेकींना घासल्या असत्या.

फायबरमधून वीज वाहत नाही, ही गोष्ट सांगायला सोपी आणि विसरायला त्याहून सोपी आहे. पत्र्याच्या गाडीत दिव्यांचा परतीचा प्रवाह पुष्कळदा पत्र्यातूनच चासीकडे जातो. हेराल्डचे हेडलाइट बॉनेटवरच असतात, तेव्हा नव्या बॉनेटवर प्रत्येक दिव्यासाठी अर्थिंगची स्वतंत्र वायर चासीपर्यंत आणावी लागते, आणि बॉनेट उघडताना ती ताणली जाणार नाही इतकी ढिली ठेवावी लागते. ही वायर नसेल तर दिवे लागत नाहीत किंवा कुठल्या तरी आडमार्गाने मिणमिणतात, आणि इलेक्ट्रिशियन बिचारा स्विच बदलत बसतो.

खटक्यांच्या जागीही मागून रुंद पट्टी दिली. हेराल्डचे बॉनेट पुढे कलणारे असल्यामुळे चालत्या गाडीत वाऱ्याने उलटून काचेवर येण्याची भीती नसते. हा तिच्या रचनेचा मोठा दिलासा आहे. ज्या गाड्यांचे बॉनेट मागच्या बाजूला बिजागरीवर असते, त्यांना हलके फायबर बसवताना पुढे जादा पिना लावल्याशिवाय गाडी हमरस्त्यावर नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. धडकेत फायबर चुरगळत नाही, ते फुटते. पण हेराल्डमध्ये धक्का घेण्याचे काम चासी करते, बॉनेटचा पत्रा पूर्वीही ते फारसे करत नव्हता. एकसंध बॉडीच्या गाडीत मडगार्डच्या भागाला हात घालण्याआधी हा विचार पुन्हा नव्याने करावा लागेल.

रंगाच्या बाबतीत एवढेच सांगते की घाई करू नये. साच्यातून येणारे मेण पृष्ठभागावर राहते. ते आधी द्रावणाने पुसायचे आणि मगच घासायचे, नाहीतर घासताना ते आत ढकलले जाते. बॉनेट गाडीवर बसवलेल्या स्थितीत काही आठवडे उन्हात उभे राहू द्यावे. रेझिन पूर्ण जमते, लपलेले बुडबुडे वर येतात, ते खरवडून भरता येतात. त्यानंतर एपॉक्सी प्रायमर आणि मग रंग. गडद रंग असेल तर बॉनेट अधिक तापते आणि मॅटच्या धाग्यांची नक्षी वर्षभराने उमटू लागते. आमची गाडी सुदैवाने फिक्या दुधी रंगाची आहे.

आता अस्सलपणाचा प्रश्न. बाबांना तो सुरुवातीपासून सतावत होता. “अगं, मग ती हेराल्ड कशी राहिली?” असे त्यांनी मला एकापेक्षा अधिक वेळा विचारले, आणि हा प्रश्न मी कधीच हलका मानला नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांची जागतिक संस्था असलेल्या फिवाने २०१२ मध्ये मंजूर केलेल्या तुरीन सनदेत जतनाची तत्त्वे मांडली आहेत, आणि केलेला बदल शक्य तितका उलटवता येण्याजोगा असावा, हा विचार त्यांत आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांतही वाहन मूळ रूपात ठेवलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. या दोन्हींमागची काळजी मला पटते. संग्रहालयात ठेवायच्या गाडीला मी फायबर लावणार नाही. तिथे गंजलेला पत्राही साक्षीदार असतो. पण रस्त्यावर चालण्यासाठी घडलेली गाडी बॉनेटवाचून ताडपत्रीखाली उभी राहते तेव्हा तिचे इंजिन, ब्रेक, रबरे सगळेच एकेक करून निकामी होत जाते. पत्र्याचे बॉनेट मिळेपर्यंत तिला चालती ठेवणारा भाग, जो काही बोल्ट सोडून उतरवता येतो आणि ज्यासाठी गाडीच्या एकाही मूळ भागाला नवे भोक पाडलेले नाही, तो मला जतनाच्या विरुद्ध वाटत नाही. अट एवढीच की जुने बॉनेट भंगारात जाऊ नये, आणि गाडी पुढे कोणाला दिली तर हे बॉनेट फायबरचे आहे हे सांगितले जावे.

त्यामुळे आमचे जुने बॉनेट घराच्या माळ्यावर, लाकडी फळ्यांवर, सगळीकडून हवा लागेल असे ठेवले आहे. त्याचा सैल गंज काढून आतून तेल फवारले आहे. पत्र्याच्या कारागिराकडे नंबर लावला आहे. आधी डावी कमान, मग हेडलाइटच्या कडा, असे तुकड्या-तुकड्याने ते होईल. लोखंडी सांगाडा सध्या नव्या बॉनेटमध्ये असल्यामुळे जुन्यासाठी त्याच मापाचा दुसरा सांगाडा नळीतून बनवून घेणार आहोत. बाबांचे त्यावर समाधान झाले आहे, आणि रविवारी सकाळी ते पुन्हा गाडीत पुढच्या सीटवर बसू लागले आहेत.

दुरुस्त केलेला साचा भोसरीच्या शेडमध्ये आहे. मध्यंतरी कोल्हापूरहून एक गृहस्थ त्यावरून बॉनेट करून घ्यायला आले होते. त्यांनी आपल्या जुन्या बॉनेटची लांबी-रुंदी कागदावर नीट लिहून आणली होती आणि काम किती दिवसांत होईल एवढेच त्यांना हवे होते. मिस्त्रींनी कागद वाचून परत दिला आणि गाडीच घेऊन या म्हणून सांगितले. ते म्हणाले, ती येईपर्यंत दोन्ही दारांच्या फटी तीन-तीन ठिकाणी मोजून ठेवा, आणि टेकूंखाली कोणते पॅकिंग आहे ते एकदा वाकून बघा.